आशा सातबाऱ्यावर उतरली पाहिजे

विस्थापितांना धीर द्या, असा उपदेश कार्यकर्त्यांना नेहमीच केला जातो. तो धीर कशाच्या बळावर द्यावयाचा, हे मात्र कोणी सांगत नाही. राजगुरुनगर परिसरात काम करणाऱ्या आपल्या साथींपुढे आज नेमका हाच प्रश्न उभा आहे.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी येथून जवळच, पिंपरीला वसली. त्या छावणीची पुढे गजबजलेली बाजारपेठ झाली, याचे पहिले श्रेय निर्वासितांच्या कष्टांनाच आहे. परंतु त्या कष्टांना कायद्याचा आधारही होता. शासनाने त्यांना निर्वासित मानले. १९५४ साली केंद्राने नुकसानभरपाईचा व पुनर्वसनाचा कायदा केला.

खेड तालुक्यात भीमा नदीवर चासकमान आणि भामा नदीवर भामा आसखेड ही धरणे झाली. त्यांत ज्यांची घरे आणि शेते बुडाली, ते आपल्याच तालुक्यात निर्वासित झाले. देशाची सीमा न ओलांडल्यामुळे त्यांना तो शब्द कोणी लावीत नाही, एवढेच. पुण्याकडे जाणाऱ्या जलवाहिनीचे काम रोखून पुनर्वसन मागण्याची पाळी भामा आसखेडच्या धरणग्रस्तांवर २०२० साली आली. २०२१ साली पाणी पुण्याच्या पूर्व भागात पोहोचले.

अशा वेळी 'होईल, सर्व काही होईल' असे सांगत फिरणारा कार्यकर्ता नकळत सत्ताधाऱ्यांचेच काम करतो. लोकांना शांत ठेवणे त्यांना हवेच असते. उलट 'काही मिळणार नाही' असे सांगणाराही घात करतो. चाकणच्या कारखानदारीने जमिनीचे भाव चढविलेल्या या पट्ट्यात दलालाला निराश माणसासारखे गिऱ्हाईक नाही. आशा सुटली की हक्क कवडीमोलाने विकला जातो. म्हणूनच आशा हा केवळ मनाच्या समाधानाचा विषय नाही. ती हक्क राखण्याची शक्ती आहे.

ती शक्ती संघटनेतून येते. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचे शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले. ते हरले, धरण झाले. परंतु विस्थापितांचा प्रश्न त्या पाण्यात बुडाला नाही. पुढे डॉ. बाबा आढावांसारख्या कार्यकर्त्यांनी धरणग्रस्तांना संघटित केले, 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही घोषणा घुमली आणि १९७६ साली महाराष्ट्राला पुनर्वसनाचा कायदा करावा लागला. मुळशीच्या पराभूतांना जे लाभले नाही, ते पुढच्या पिढीच्या हाती हक्क म्हणून आले.

तेव्हा साथींनी खोटा दिलासा देऊ नये. कोणाला जमीन मिळाली, कोणाला नाही, याची गाववार यादी करावी. ती जाहीर सभेत वाचावी. अर्ज कोठे अडला आहे ते धरणग्रस्तांना बरोबर नेऊन कचेरीत विचारावे. सांगण्यासारखे काही नसेल त्या दिवशीही वस्तीत जावे आणि तसे स्पष्ट सांगावे. सत्य ऐकूनही जे एकत्र राहतात, त्यांचीच आशा एक दिवस सातबाऱ्यावर उतरते.