विश्लेषण : घरच्या बीअरच्या पाण्यात क्षार का मिसळतात? टीडीएस मीटर इथे निरुपयोगी का?

इंग्लंडमधील बर्टन अपॉन ट्रेंट गावात लाकडी पिंपांच्या रांगेत बीअर आंबवण्याची जुनी पद्धत बंद करत असल्याचे कार्ल्सबर्ग मार्स्टन्स कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले. पिंपांचा एक संच थॉर्नब्रिज या दुसऱ्या ब्रुअरीने वाचवला. गावातील बीअर संग्रहालयाला तर २०२२ मध्येच टाळे लागले होते. या गावाने नाव कमावले ते विहिरींच्या पाण्यावर. त्या पाण्याची बऱ्यापैकी नक्कल आज अमेरिका-ब्रिटनमधील हौशी माणूस स्वयंपाकघरात करतो. त्यासाठी २० लिटर शुद्ध पाण्यात जिप्समची साधारण २१ ग्रॅम पूड पुरते.

बर्टनच्या पाण्यात असे काय होते?

गाव जिप्समच्या थरांवर वसले आहे. विहिरीगणिक आकडे बदलतात, पण लिटरमागे सुमारे २५० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ६०० मिलिग्रॅमच्या पुढे सल्फेट हे तिथे नेहमीचे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात सल्फेटची शेवटची मर्यादा ४०० आहे, म्हणजे हे पाणी आपल्याकडे नापास झाले असते. हॉप्सच्या कडवटपणाला मात्र ते मानवले. रशियाने १८२२ मध्ये आयात कर वाढवल्यावर बर्टनच्या ब्रुअरींचा तिकडचा व्यापार बसला. तेव्हा ऑलसॉप यांनी कलकत्ता, मुंबई, मद्रासमधील गोऱ्या साहेबांसाठी फिकट, कडवट बीअर गाळायला घेतली. लंडनची हॉजसनची बीअर इथे आधीपासून येत होती, पण बर्टनची चव सरस ठरली. हीच पुढे ‘इंडिया पेल एल’ म्हणून ओळखली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रसायनतज्ज्ञांनी पाण्याचे गुपित उकलले आणि इतर गावांतील ब्रुअरी आपल्या पाण्यात जिप्सम मिसळू लागल्या. बर्टनची मक्तेदारी तिथेच सैल झाली.

याउलट चेक प्रजासत्ताकातील पिल्सेनचे पाणी जवळजवळ क्षारविरहित. १८४२ मध्ये तिथे जन्मलेली सोनेरी पिल्सनर मृदू लागते, त्यात या पाण्याचा वाटा आहे.

क्षार नेमके काय करतात?

आधी पातेल्यात काय घडते ते पाहू. मोड आणून वाळवलेले जव, म्हणजे माल्ट, भरडून सुमारे ६५ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवतात. त्यातील विकरे (एन्झाइम) पिष्टाची साखर करतात. यासाठी मिश्रणाचा पीएच ५.२ ते ५.६ च्या आसपास हवा. पाण्यातील बायकार्बोनेट तो वर ढकलते. मग साखर नीट उतरत नाही आणि सालीतला तुरटपणा बीअरमध्ये येतो. कॅल्शियम माल्टमधील फॉस्फेटशी संयोग पावून पीएच खाली आणते. भाजलेला काळा माल्ट स्वतःच आम्लधर्मी असतो. म्हणूनच बायकार्बोनेटयुक्त पाण्याच्या लंडन, म्युनिकमध्ये गडद बीअर रुजली. तिथल्या लोकांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. जे बिघडले नाही ते टिकले.

बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही, हा अनुभव मराठी घरांना नवा नाही. तिथे कॅल्शियम डाळ कडक ठेवते, म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा टाकतात. बीअरमध्ये तेच कॅल्शियम हवेसे असते आणि सोडा नेमका नको असतो.

दुसरे काम चवीचे. सल्फेट वाढले की कडवटपणा धारदार होतो, क्लोराइड वाढले की बीअर भरीव, गोडसर लागते. २० लिटर आरओ पाण्यात ५ ग्रॅम जिप्सम टाकल्यास लिटरमागे सुमारे ५८ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १४० मिलिग्रॅम सल्फेट मिळते. तेवढ्याच कॅल्शियम क्लोराइडमधून कॅल्शियम ६८ आणि क्लोराइड १२० मिलिग्रॅम.

मग टीडीएस पाहून का भागत नाही?

घरोघरी आरओसोबत आलेले टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजते आणि त्यावरून क्षारांचा एकूण अंदाज देते. त्यात कोणता क्षार किती, हे त्याला कळत नाही. बायकार्बोनेटचे पाणी आणि सल्फेटचे पाणी, दोन्हींवर ते ३०० दाखवू शकते. पहिल्यात हलक्या रंगाची बीअर तुरट होईल, दुसऱ्यात ती खुलेल. अमेरिकेत पाणीपुरवठा संस्थांना वार्षिक गुणवत्ता अहवाल द्यावा लागतो, पण तो दूषित घटकांचा असतो. कॅल्शियम, सल्फेटचे आकडे त्यात अनेकदा सापडत नाहीत. त्यामुळे अनेक जण आरओच्या कोऱ्या पाण्यापासूनच सुरुवात करतात.

हौशी मंडळी कुठे फसतात?

बहुतेकदा वजनात. स्वयंपाकघरातला साधा काटा दोन-तीन ग्रॅम नीट दाखवत नाही, त्यासाठी ०.१ ग्रॅमचा काटा हवा. कॅल्शियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढते. उघड्या बरणीतले पाच ग्रॅम म्हणजे पाच ग्रॅम क्षार नव्हेच, काही भाग नुसते पाणी. क्लोरिन आणि क्लोराइड यांतही गल्लत होते. नळाच्या पाण्यातील क्लोरिनमुळे बीअरला औषधी वास येतो. तो घालवायला मेटाबायसल्फाइटची एक गोळी सुमारे ७५ लिटरला पुरते. आणि मोबाइलवरील कॅल्क्युलेटरमध्ये ‘बर्टन’ निवडून सगळे आकडे जसेच्या तसे गाठण्याचा हट्ट तर निव्वळ अनाठायी. पीएच जागेवर नसेल तर उरलेले आकडे जुळूनही उपयोग नाही.

भारतात हे करता येते का?

ब्रिटनने घरगुती बीअरवरील परवान्याची अट १९६३ मध्ये काढली. अमेरिकेत १९७८ चा कायदा फेब्रुवारी १९७९ पासून लागू झाला. तिथे दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटरची मुभा आहे, विक्रीची नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याविना मद्यनिर्मिती गुन्हा आहे, मग ती स्वतःपुरती पाच लिटर का असेना. पुण्या-मुंबईतील मायक्रोब्रुअरी परवाना घेऊन चालतात. पाण्याचे गणित मात्र त्यांनाही चुकलेले नाही. धरणाचे पाणी सहसा मृदू, टँकरमधून आलेले बोअरचे पाणी जड; उन्हाळ्यात स्रोत बदलला की क्षारांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.