दिव्यांग आणि इंटरनेट : रेंजच्या पुढचा प्रश्न

दिव्यांगांपर्यंत इंटरनेट पोचवण्याचे काम दोन टप्प्यांचे असते. पहिला टप्पा जोडणीचा : टॉवर, केबल, वीज, मोबाइल. दुसरा वापराचा : जोडणी मिळाल्यावर समोर उघडलेले पान, अर्ज किंवा ॲप त्या माणसाला स्वतः हाताळता येते की नाही. सरकारी पैसा आणि घोषणा पहिल्या टप्प्याभोवती फिरतात. माणूस अडतो तो बहुतेक वेळा दुसऱ्यात.

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत दोन्ही टप्पे एकाच वेळी पाहायला मिळतात. मुंबईची लोकल 2013 पासून डहाणू रोडपर्यंत येते, आणि किनाऱ्यालगतच्या या पट्ट्यात मोबाइलला रेंज मिळते. पूर्वेकडे डोंगर सुरू झाला, वस्ती पाड्यापाड्यांत विखुरली, की चित्र बदलते. रेंजसाठी टेकाडावर किंवा ठरावीक झाडाखाली जाऊन उभे राहणे हा डोंगरपट्ट्यांतला सर्वमान्य उपाय आहे. तो चालू शकणाऱ्यांचा उपाय आहे. पोलिओने पाय गेलेल्याला किंवा अंथरुणाला खिळलेल्याला ते टेकाडही सरकारी कचेरीइतकेच लांब.

ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना केंद्राने 2011 मध्ये मंजूर केली. तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. तिची मूळ रचना ग्रामपंचायत कार्यालयापर्यंतची होती. तिथून पाड्यापर्यंतचे अंतर ज्याचे त्याने कापायचे. याच डहाणू तालुक्यात, कोसबाडच्या टेकडीवर, बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी नेमका उलटा विचार केला होता : मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची. डिजिटल सेवांच्या आखणीत ही दृष्टी अजून उतरलेली नाही.

जोडणी मिळाल्यावर दुसरा टप्पा सुरू होतो. अंध व्यक्ती फोन किंवा संगणक वापरते ती स्क्रीन रीडरच्या आधारे. पडद्यावरचा मजकूर हे सॉफ्टवेअर मोठ्याने वाचून दाखवते. पूर्वी ते फार महाग असे. 2006 मध्ये मायकेल करन आणि जेम्स तेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी एनव्हीडीए हे मोफत स्क्रीन रीडर तयार करायला घेतले, आणि किमतीची भिंत पडली. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक हे स्क्रीन रीडर आयतेच असते. मराठी वाचणारा आवाजही आज उपलब्ध आहे. म्हणजे साध्या स्मार्टफोनमध्ये निम्मे काम झालेले आहे. उरलेले निम्मे पान तयार करणाऱ्याच्या हातात आहे, आणि घोडे तिथेच पेंड खाते.

स्क्रीन रीडरला अक्षरे लागतात, अक्षरांचे चित्र चालत नाही. कार्यालयात आदेश टंकलिखित होतो, त्याची प्रत निघते, तिच्यावर सही-शिक्का होतो आणि मग ती स्कॅन करून वेबसाइटवर चढवली जाते. डोळसाला ते पत्र दिसते. स्क्रीन रीडरला कोरा कागद. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर त्याहून वाईट, कारण त्यातून इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गोंगाट ऐकू येतो. कॅप्चाची वेडीवाकडी अक्षरे तर मुद्दाम यंत्राला वाचता येऊ नयेत म्हणूनच काढलेली असतात. यंत्राच्या मदतीने वाचणारा माणूस त्यात आपोआप बाहेर फेकला जातो. नाव नसलेले बटण, मुदत संपून जाणारा ओटीपी, थरथरत्या बोटाखाली न सापडणारी बारीक चौकट, हे सगळे त्याच माळेतले मणी.

कर्णबधिरांचा अडथळा वेगळा. मदतीसाठी फक्त फोन नंबर आणि माहितीसाठी उपशीर्षके नसलेला व्हिडिओ, यातले काहीच त्यांच्या उपयोगाचे नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्यांना सोपी भाषा हवी. सरकारी मराठी सोपी झाली तर तिचा लाभ धडधाकटांनाही होईल, हे वेगळे सांगायला नको. डहाणू-तलासरीत आणखी एक पदर आहे. अनेक घरांची बोली वारली आहे आणि फोनमधला आवाज प्रमाण मराठीत, नाहीतर हिंदीत बोलतो.

या सगळ्याचा शेवट सेवा केंद्राच्या काउंटरवर होतो. अर्ज ऑपरेटर भरतो, फोन त्याच्या हातात, ओटीपीही तोच वाचतो. ऑपरेटर भला असेल तर काम होते, पण बँक खाते आणि आधार परक्याच्या हाती देऊन मिळालेल्या या सोयीला डिजिटल समावेश म्हणणे धाडसाचे आहे. बोटे झिजलेल्या किंवा नसलेल्या माणसाचा थंब लागत नाही, तेव्हा तर तीही सोय संपते.

ओळख पटवण्यातला असाच अडथळा सर्वोच्च न्यायालयात गेला. ऑनलाइन केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करावी लागत होती. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गमावलेल्या स्त्रियांना, तसेच अंध व्यक्तींना ते जमत नव्हते. 30 एप्रिल 2025 रोजी न्यायमूर्ती पारडीवाला आणि महादेवन यांच्या खंडपीठाने डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क घटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आणि ही प्रक्रिया सर्वांना वापरता यावी यासाठी 20 निर्देश दिले. त्याआधी, 8 नोव्हेंबर 2024 रोजी, राजीव रातुरी प्रकरणात न्यायालयाने सुगम्यतेचा नियम नुसत्या शिफारशीसारखा असू शकत नाही, तो बंधनकारकच हवा, असे बजावले होते.

कायदा तर त्याहून जुना. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, यात एकवीस आहेत. माहिती आणि संपर्काची साधने दिव्यांगांना वापरता येतील अशी करण्याची जबाबदारी कलम 42 ने सरकारवर टाकली. वेबसाइटवरची कागदपत्रे ईपब किंवा अक्षरे ओळखता येतील अशा पीडीएफमध्ये असावीत, हे 2017 च्या नियमांतच लिहिले होते. स्कॅन करण्याऐवजी मूळ फाइलवरून पीडीएफ काढायला एक रुपयाही जास्त लागत नाही. हे होत नाही याला निधीची टंचाई हे कारण देता येणार नाही. कारण सवयीचे आहे.

पैसाही अगदीच नाही असे नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. लहान ग्रामपंचायतीचे उत्पन्न तुटपुंजे असते हे खरे, तरी त्यातून एखादा स्मार्टफोन, हेडफोन आणि टॉकबॅक शिकवणाऱ्याचे मानधन निघू शकते. भांडी किंवा चादरी वाटण्यापेक्षा हा खर्च जास्त दिवस उपयोगी पडेल. हा निधी कशावर खर्च झाला हे ग्रामसभेत विचारण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला आहे. दिव्यांग हक्क कायद्याचा भंग झाल्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी पन्नास हजार ते पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद कलम 89 मध्ये आहे.