खिडकी काढण्याआधी हिशेब करा

हल्ली आपल्या मोझरीत घर दुरुस्तीला काढलं की पहिला घाव सागवानी खिडक्यांवर. आमचा मिस्त्रीही म्हणाला, "काकू, ॲल्युमिनियमचं स्लायडिंग लावू." मी साफ नाही म्हटलं.

दोन पल्ल्यांचं स्लायडिंग अर्धंच उघडतं, लाकडी खिडकी पूर्ण. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात या अर्ध्या वाऱ्याची किंमत कळते. शिवाय सरकत्या पल्ल्याखालच्या खाचेत धूळ-पाणी साचतं, मुंग्या येतात आणि पल्ला त्यांच्यावरून फिरतो. आपली जयणा कुठे राहिली?

"लाकडाला वाळवी लागते, औषध मारावं लागतं, ती हिंसा नाही का?" प्रश्न खरा आहे. पण जुन्या सागाच्या गाभ्याला वाळवी सहजासहजी लागत नाही. ती येते ओलीपायी. आधी भिंतीची ओल थांबवा. खालची पट्टी कुजली तर सुताराकडून तेवढीच बदला, कब्जे नवे लावा, पावसाळ्याआधी जवसाच्या तेलाचा हात द्या.

श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत वनकर्म आणि अंगारकर्म आहेत. झाड तोडण्याचे, भट्टी पेटवण्याचे धंदे आपण करत नाही. मग गरज नसताना करवून का घ्यायचे? कृत, कारित, अनुमोदित, तिन्हींचा दोष सारखाच लागतो ना!

मी कॉमर्सची पदवीधर. घसाऱ्याने वहीत किंमत शून्य झाली, तरी वस्तू निकामी होत नाही. अपरिग्रह म्हणजे जुनं फेकणं नव्हे, नव्याचा मोह आवरणं.