दवाखान्याच्या पायरीवर

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या आळीतील एक मावशी चार दिवस तापाने फणफणत घरात पडून होत्या. जेऊरच्या आसपास उजनीच्या पाण्यावर केळीच्या बागा उभ्या आहेत, त्यांतील एका बागेत त्या रोजंदारीने जातात. आम्ही विचारले, "मावशी, डॉक्टरला का दाखवले नाही?" त्या म्हणाल्या, "आठवड्याचा पगार झाला की जाते भाऊ. पाचशे तरी जवळ नकोत का?"

पाचशे हा आकडा त्यांना कोणी सांगितला होता? कोणीच नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या सुनेला सलाईन लावले होते, तेव्हा तेवढे लागले. तेव्हापासून दवाखाना म्हणजे पाचशे, हे त्यांच्या मनात पक्के बसले. आम्ही त्यांना हाताला धरून घेऊन गेलो. तपासणी आणि तीन दिवसांच्या गोळ्या मिळून दीडशे रुपये झाले. तेवढे पैसे पहिल्या दिवसापासून त्यांच्या घरात डब्यात होते. चार दिवसांची हजेरी बुडाली, ताप अंगावर काढला, तो केवळ एका न विचारलेल्या प्रश्नापायी.

ही गोष्ट आम्हांला बरेच दिवस टोचत राहिली. बाजारात वांग्याचा भाव चार ठिकाणी विचारून मग पिशवी पुढे करणारी आपली माणसे दवाखान्याच्या पायरीवर मुकी का होतात? एक तर डॉक्टर म्हणजे मोठा माणूस, त्याला पैशाचे कसे विचारावे, हा संकोच. दुसरे म्हणजे रांगेतल्या चार लोकांना वाटेल की यांच्याकडे पैसे नाहीत. आणि दारात उभे राहून मिळेल ते मुकाट्याने घ्यायची जी सवय आपल्या आज्या-पणज्यांना लावली गेली, ती या दारातही पुरती सुटलेली नाही, असे आम्हांला स्पष्ट वाटते.

वास्तविक फी आधी विचारणे यात उद्धटपणा काडीचाही नाही. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी भारतीय वैद्यक परिषदेने 2002 साली आचारसंहितेचे विनियम केले. 2023 साली नवे विनियम आले होते, पण ते त्याच वर्षी स्थगित झाले आणि जुनेच चालू ठेवले गेले. त्या 2002 च्या विनियमांत लिहिले आहे की डॉक्टरने आपली फी आणि इतर आकार दवाखान्यातील फलकावर स्पष्ट लावावेत. फी उपचाराच्या आधी सांगावी, उपचार सुरू झाल्यावर नव्हे, हेही त्यात आहे. म्हणजे आपण विचारतो ते डॉक्टरने न विचारता सांगायचे असते. ज्या दवाखान्यात खाटा आहेत, म्हणजे शुश्रूषागृहे, त्यांना तर महाराष्ट्र शासनाच्या 2021 च्या नियमांप्रमाणे ठरावीक सेवांचे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. आयुर्वेद व होमिओपॅथीच्या डॉक्टरांच्या परिषदा वेगळ्या आहेत आणि आपल्या खेड्यापाड्यांत दवाखाने बहुतेक त्यांचेच. पण विचारण्याला कोणत्याच पदवीची आडकाठी नाही.

आमचा पेशा कारकुनाचा. कागदावर उतरल्याशिवाय कोणतीही गोष्ट झाली असे आम्हांला वाटत नाही. म्हणून एका रविवारी विहारात बसलो असताना ठरवले की गावातील दवाखान्यांची माहिती आपणच वहीत उतरवायची. तीन-चार पोरे आणि आम्ही, असे दोन आठवडे संध्याकाळी फिरलो. दवाखाना किती वाजता उघडतो, डॉक्टर प्रत्यक्ष किती वाजता येतात (या दोन वेळा एकच असतात असे समजू नका), सुट्टीचा वार कोणता, नंबर समोर जाऊन लावायचा की फोनवर लागतो, पहिल्या तपासणीची फी किती, आणि परत दाखवायला आले तर किती दिवसांत पुन्हा फी पडत नाही, एवढेच विचारायचे.

एका ठिकाणी कंपाउंडरने आम्हांला, तुम्ही काय तपासणीला आलात काय, असे म्हणून बाहेर उभे केले. डॉक्टर स्वतः बाहेर आले तेव्हा त्यांनाही राग आला. आम्ही शांतपणे वही दाखवली. म्हटले, "साहेब, तुमच्याविरुद्ध काही नाही. तुमच्या दारापर्यंत माणूस लवकर यावा म्हणून हे करतो आहोत." त्यांनी फी सांगितली, पण लिहून घेऊ नका म्हणाले. दुसऱ्या एका तरुण डॉक्टरांनी मात्र आम्हांला चहा पाजला आणि आठच दिवसांत दारावर रंगवलेला फलक लावला. ते म्हणाले, "लोक फी विचारत नाहीत, आणि मग औषध अर्धेच घेऊन जातात. मला कळतच नाही की पैशामुळे की कशामुळे." हे ऐकून आम्हांला जरा लाजल्यासारखे झाले. दोष सगळा एकाच बाजूचा नसतो.

या फेरीत सर्वांत जास्त गोंधळ दिसला तो 'परत दाखवायला' या शब्दाचा. काही डॉक्टर ठरावीक दिवसांत परत आल्यास पुन्हा फी घेत नाहीत. काही अर्धी घेतात, काही पूर्ण. रुग्णाला हे माहीत नसते, म्हणून तो परत जातच नाही. थोडे बरे वाटले की गोळ्या बंद करतो आणि तोच खोकला महिनाभर ओढत बसतो. म्हणून बाहेर पडताना एवढे विचारावे, "डॉक्टरसाहेब, किती दिवसांनी येऊ, आणि तेव्हा फी पडेल का?" आयाबहिणींनी तर जरूर विचारावे, कारण पोराला परत नेण्याचा दिवस म्हणजे त्यांची एक हजेरी असते.

दुसरी बाब पुडीची. आपल्याकडे बरेच डॉक्टर तपासणी, सुई आणि गोळ्या यांचे मिळून एकच पैसे सांगतात, आणि गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून देतात. पुडीवर औषधाचे नाव नसते. सोयीचे वाटते खरे, पण त्या गोळीने अंगावर पित्त उठले तर दुसऱ्या डॉक्टरला काय सांगणार, पांढरी गोळी होती म्हणून? त्या 2002 च्या विनियमांत असेही आहे की डॉक्टरने औषध स्वतः दिले असेल तर चिठ्ठीवर तसे स्पष्ट व्हावे, आणि चिठ्ठीवर, पावतीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक असावा. चिठ्ठी मागावी आणि ती फेकू नये. हल्ली फोनने पैसे देतात. त्यात किती दिले याची नोंद राहते, कशाचे दिले याची राहत नाही.

आता थोडे आपल्याच माणसांना बोलतो, राग मानू नये. सुई टोचली नाही तर डॉक्टरने काही केलेच नाही असे म्हणणारे आपल्यात कमी नाहीत. गोळीने बरा होणारा ताप असला तरी 'एक सुई मारा' म्हणून हट्ट धरतात. अशक्तपणा वाटला की सलाईन मागतात. सलाईनच्या बाटलीत पाणी, मीठ, फार तर साखर असते. तोंडाने पाणी-जेवण घेता येत असेल तर त्या बाटलीतून अंगात ताकद शिरत नाही, खिशातून पैसे मात्र जातात. मावशींचे पाचशे रुपये असेच तयार झाले होते.

ज्यांना दीडशेही जड आहेत त्यांनी ध्यानात ठेवावे, की 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या व उपचार निःशुल्क आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत हे लागू आहे. सोलापूरचे मोठे सिव्हिल मात्र वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले, म्हणजे दुसऱ्या खात्याचे. तिथे हा निर्णय लागू आहे असे समजून जाऊ नये, खिडकीवर विचारूनच पुढे सरकावे. सरकारी दवाखान्यात वेळ चुकवून गेले तर हेलपाटा पडतो, म्हणून आशाताईंना आदल्या दिवशी विचारून घ्यावे.

साप चावला, छातीत कळ आली, बाळंतीण अडली, तर नंबर, फी, वेळ काही पाहू नये. 108 ला फोन करावा. 1989 सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की अशा प्रसंगी डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, त्याने आधी जीव वाचवण्याचे पाहावे.

आणि फसवणूक झालीच तर? पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे 1995 पासून ठरलेले आहे. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर विचारता येते. पण तिथेही पहिला प्रश्न कागदाचाच येतो.

आमची यादी विहाराच्या फळ्यावर लावली आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आठवीतली दोन मुली रविवारी वाचून दाखवतात. ज्या डॉक्टरांनी फी लिहू दिली नाही, त्यांच्या नावापुढची जागा आम्ही कोरी ठेवली आहे. परवा त्यांचाच कंपाउंडर फळ्यासमोर उभा होता. ती कोरी जागा बघून म्हणाला, "इथे लिहा हो, साहेबांनी सांगितलंय." खडू त्याच्याच हातात दिला. मावशी शेजारीच होत्या. त्यांनी आकडा वाचायला लावला आणि विचारले, "आणि परत दाखवायला किती?" ते विचारायला तो परत गेला आहे.