सहीची जागा

ऐन पावसात इब्रामपूरला जाणे झाले. गोव्यातल्या पेडणे तालुक्याचे हे पूर्वेकडचे टोक. पलीकडे लगेच दोडामार्ग, खालून शापोरा नदी. आपली एक वाचक याच गावात राहून पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांसाठी मुलांच्या पुस्तकांची चित्रे काढते. सोप्यावर बसून तिने टॅबलेट पुढे केला. पडद्यावर दशावतारातला संकासुर होता, काळा पोशाख, टोकदार टोपी आणि लोंबती लाल जीभ. तिने दोन बोटांनी चित्र मोठे केले तर पोशाखावरची सुरकुतीन् सुरकुती वेगळी दिसू लागली. तेवढ्यात लाईट गेली, पाठोपाठ रेंजही. तिचे पेन थांबले नाही. बॅटरी संपेपर्यंत काम होते, आणि फाइल पाठवायची झाली की ती छत्री घेऊन रस्त्यावरच्या वळणापर्यंत जाते, तिथे रेंज येते.

मला वाटले, ती कोणते सॉफ्टवेअर घेऊ, कोणता टॅबलेट घेऊ असे काही विचारेल. तिने विचारले, "सर, सही कुठे करायची?"

प्रश्नामागे एक दुखणे होते. तिने कोपऱ्यात सही करून इन्स्टाग्रामवर टाकलेले एक चित्र कोणी तरी कडा कापून टी-शर्टावर छापले. किनाऱ्यावरच्या एका दुकानात तो शर्ट टांगलेला तिच्या मावसभावाने पाहिला, म्हणून तिला कळले. सही गेली होती. पैसे तर नव्हतेच.

आपल्या धंद्यातला हा प्रश्न जुना आहे आणि त्याचे एक उत्तर गोव्याच्याच माणसांनी देऊन ठेवले आहे. मडगावला १९१६ साली जन्मलेले दीनानाथ दलाल मुंबईत जे. जे.मध्ये शिकले, स्वतःचा स्टुडिओ काढला, असंख्य पुस्तकांची मुखपृष्ठे केली. पण गिऱ्हाइकाची वाट पाहत ते बसले नाहीत. १९४५मध्ये त्यांनी 'दीपावली' हा स्वतःचा अंक सुरू केला. त्यात चित्र काय असावे, केवढे असावे, कोणत्या पानावर यावे हे ठरवणारा चित्रकारच होता. अस्नोड्याचे रघुवीर मुळगावकर त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. एअरब्रशवर त्यांचा हात असा बसला होता की त्यांची कॅलेंडरे घराघरांतल्या भिंतींवर लागली. एअरब्रश म्हणजे त्या काळचे नवे यंत्रच. त्याने रंग झटपट आणि सफाईदार बसतो, तरी त्यांच्या चित्रातला चेहरा यंत्राने काढला असे कोणालाही वाटले नाही. त्यांनीही 'रत्नप्रभा' हा स्वतःचा अंक काढला. दोघांनीही आपले चित्र जिथे दिसते ती जागा स्वतःच्या हातात ठेवली.

स्वतःची जाहिरात करणे कमीपणाचे, असे मानणारे आपल्यात अजून पुष्कळ आहेत. त्यांनी दलालांचा हिशेब एकदा मांडून पाहावा. मात्र इन्स्टाग्राम म्हणजे 'दीपावली' नव्हे. ते भाड्याचे घर आहे. मालक नियम बदलतो आणि काल हजारांना दिसणारे चित्र आज पन्नासांना दिसते. तिथे चित्र जरूर टाका, पण लहान आकारात, आणि पाहणाऱ्याला आपल्या स्वतःच्या संकेतस्थळाची वाट दाखवा. ज्यांनी एकदा काम दिले त्यांचे ईमेल पत्ते आपल्या वहीत हवेत. वर्षातून चार वेळा त्यांना नवे काम पाठवा.

काय पाठवायचे? मी तिचा सगळा संग्रह पाहिला. नारळ, होडी, सूर्यास्त अशी चित्रे सात-आठ होती, कारण 'गोवा' म्हटले की लोक तेच मागतात. ती कोणीही काढील. पण संकासुर, काजूच्या बागेत बोंडू पिळणारी माणसे, मोरजाईच्या देवळातल्या कावी चित्रांसारखे पांढऱ्यावर तांबडे असे दोनच रंग वापरून काढलेले पान, हे पेडण्यात वाढलेल्या मुलीलाच सुचते. ती पाने मी पुढे घ्यायला सांगितली. लाल रंगाचे एक सांगायचे राहून जाईल: पडद्यावर झगझगणारी संकासुराची लाल जीभ छापील पुस्तकात विटकरी उतरली होती. छपाईचे काम पहिल्यापासून सीएमवायकेमध्ये आणि ३०० डीपीआयवरच करा.

आता कायदा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे १७वे कलम सांगते की मोबदला देऊन काढून घेतलेल्या पेंटिंगचा वा पोर्ट्रेटचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते काढून घेणारा असतो. 'वेगळा करार नसेल तर' या चार शब्दांत आपल्यातल्या कित्येकांचे उत्पन्न बुडाले आहे. मीही एके काळी एका प्रकाशकाला सगळ्या लेअरसकट मूळ फाइल विश्वासाने देऊन बसलो आणि तीच पात्रे पुढे तीन पुस्तकांत फिरली. म्हणून काम सुरू करण्याआधी, साध्या मराठीत का होईना, लिहून घ्या: चित्र कशासाठी, किती प्रतींसाठी, किती वर्षांसाठी, दुरुस्त्या किती वेळा, मूळ फाइल कोणाची. मुदत लिहिलीच नाही तर १९व्या कलमाप्रमाणे हक्क पाच वर्षांसाठी दिला असे धरतात. दरही तासावर नको, वापरावर लावा. एका पानावरचे चित्र आणि हजार शर्टांवरचे चित्र यांची किंमत एक असू शकत नाही.

संध्याकाळी लाईट आली. संकासुराच्या पोशाखाच्या काळ्या घडीत, कापायला गेले तर अर्धे चित्र जाईल अशा जागी, तिने देवनागरीत सही केली. मग नव्या प्रकाशकाला पाठवायच्या पाच ओळी लिहिल्या, छत्री घेतली आणि वळणाकडे निघाली.