अडलेली वाट

"प्रार्थना पुष्कळ केली; पण पाऊल पुढे पडत नाही," ही तक्रार चर्चच्या पायरीवर पुष्कळदा आमच्या कानी येते. खरे सांगायचे तर ती कधीकधी आमच्याही ओठी येते.

अशा वेळी आम्हांस गोव्यातील बाणावलीचे सुपुत्र संत जोसेफ वाझ आठवतात. धर्मगुरूंवाचून पोरक्या झालेल्या ख्रिस्तजनांसाठी ते १६८७ साली सिलोनात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत गेले. १६९२ साली कँडीस येताच राजाने पोर्तुगीज हेर समजून त्यांना कैदेत टाकले. ज्या कार्यासाठी मायभूमी सोडली, तेच खुंटले! सुटका केव्हा होईल, हे त्यांना ठाऊक नव्हते. तरी त्यांनी बंदिवासातच सिंहली भाषेचा अभ्यास केला. पुढे सुटका झाली, आणि तीच भाषा त्यांच्या धर्मकार्यास उपयोगी पडली. २०१५ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले.

वाचकहो, कर्ज फिटत नसेल, मुलीचे लग्न जमत नसेल, तरी घरची सायंप्रार्थना मोडू नये आणि हातचे काम टाकू नये. दार केव्हा उघडावे, हे देवबाप जाणतो. तोवर आजचा दिवस त्याने आपल्याच हाती दिला आहे.