पिठाचा कोंबडा आणि माझी वही

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला पेढीवरचे वहीपूजन आटोपले, तेव्हा पूजेसाठी आणलेल्या वह्यांपैकी एक लहानशी वही शिल्लक राहिली. कोरी वही घरात नुसती पडून राहावी, हे व्यापाऱ्याच्या जिवाला मानवत नाही. मी तिच्या पहिल्या पानावर स्वस्तिक रेखाटले, 'श्री' लिहिले आणि खाली मथळा दिला : 'चित्रपट खाते'. वर्षभरात जे जे चित्रपट पाहीन, त्यांची त्याच दिवशी नोंद करायची असा नियम केला. रकाने पाच आखले. तिथी, चित्रपटाचे नाव, कोठे पाहिला, कोणी निवडला, आणि पुरा पाहिला की अर्धवट सोडला.

या उद्योगाला एक कारण घडले होते. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस मी नऊ वर्षांच्या नातीला घेऊन चित्रपटाला गेलो होतो. ही मुलगी अशी की, बेसिनमध्ये मुंगी दिसली तर तिला कागदाच्या कपट्यावर घेऊन खिडकीबाहेर ठेवल्याशिवाय नळ सोडत नाही. हे तिला आम्हीच शिकवले आहे. चित्रपटाचे नाव सांगत नाही, कारण दोष त्याचा नव्हे. तेरा वर्षांखालील मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा, असा त्याच्या प्रमाणपत्राचा अर्थ होता आणि मार्गदर्शनाला मी होतो! शेवटी खलनायकाला मारण्याचा प्रसंग फार सावकाश आणि फार निगुतीने रंगवलेला होता. शिट्या झाल्या, आणि माझ्याही हातांनी टाळ्या वाजवल्या. नात माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "आजोबा, तो मेला ना? मग तुम्ही टाळ्या का वाजवल्यात?"

"अगं, तो वाईट माणूस होता."

"मुंगीपण चावते की," ती म्हणाली आणि पुन्हा पडद्याकडे पाहू लागली. तिच्या लेखी विषय तेथे संपला होता.

माझ्या लेखी मात्र तो संपेना. घरी येताना मला जपमाळेतले १०८ मणी आठवले. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायातला हा हिशेब आपल्यापैकी पुष्कळांनी पाठशाळेत पाठ केलेला असेल. संरंभ, समारंभ आणि आरंभ हे तीन. त्यांना मन, वचन, काय या तिन्हींनी गुणायचे. त्यांना कृत, कारित, अनुमोदित या तिन्हींनी. आणि शेवटी क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांनी. बेरीज १०८. लहानपणी हा गुणाकार मला फार आवडे, कारण तो बिनचूक जुळे. त्यात माझी टाळी कोठे बसते, हे मी आयुष्यात प्रथमच शोधू लागलो. कृत नाही, कारित नाही. पण अनुमोदनेच्या घरात ती चपखल बसत होती, आणि तीही नुसती मनाने केलेली अनुमोदना नव्हे. हात वाजले होते, म्हणजे कायाही आलीच.

यावर सहज सुचणारा युक्तिवाद मीही केला. पडद्यावर कोणी मरत नाही. तो नट संध्याकाळी घरी जाऊन जेवतो. रक्त रंगाचे, तलवार बोथट, मग हिंसा कोठली?

राजा यशोधराची कथा आठवल्यावर हा युक्तिवाद लंगडा पडला. सोमदेव सूरींनी इसवी सन ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या 'यशस्तिलका'त ती विस्ताराने आली आहे आणि आपल्या आजी-पणजींच्या तोंडून अनेकांनी ती ऐकलीही असेल. दुःस्वप्नाच्या शांतीसाठी पशुबळी द्यावा, असा आईचा आग्रह. राजाचे मन त्याला धजत नाही. तेव्हा मायलेकांची तडजोड होते : जिवंत कोंबडा नको, पिठाचा करू. पिठाचा कोंबडा देवीपुढे कापला जातो. त्यात जीव नव्हता, रक्त नव्हते, वेदना नव्हती. पण मारण्याचा भाव पुरा होता, आणि त्यापायी मायलेक मोर, कुत्रा असे तिर्यंच गतीचे जन्मामागून जन्म भटकले. लहानपणी ही शिक्षा मला अतिशय अन्यायाची वाटे. पिठाच्या गोळ्यासाठी एवढे? साठी उलटल्यावर, चित्रपटगृहाच्या पायऱ्या उतरताना, आपणही पैसे मोजून पिठाचाच कोंबडा कापून आलो, असे मनात आले.

अर्थात ही तुलना मी पूर्णपणे मान्य करीत नाही. प्रेक्षक काही संकल्प करून सुरी हाती घेत नाही, आणि ज्या पडद्यापुढे आपण टाळ्या वाजवतो त्याच पडद्यापुढे परक्याच्या दुःखाने रडतोही. रडणे खरे आणि टाळी मात्र खोटी, असे म्हणता येत नाही. दोन्ही खरी धरली, तर दोन्हींचा हिशेब ठेवावा लागतो. वही आखली ती म्हणून.

आता वर्षअखेरची खतावणी. एकूण चित्रपट ५७. पैकी चित्रपटगृहात ६, घरच्या दूरदर्शन संचावर २० आणि मोबाइलवर ३१. पुरे पाहिलेले ३४, अर्धवट सोडलेले २३. पुऱ्या पाहिलेल्या ३४ पैकी २१ चित्रपटांचा शेवट सूड पुरा होण्याने झालेला. ही शेवटची बेरीज मी दोनदा तपासली.

मला सर्वांत लाज वाटली ती मात्र दुसऱ्याच गोष्टीची. व्यापारात कच्ची वही आणि पक्की वही असते. चारचौघांत कोणी विचारले की माझ्या तोंडून पक्की वही बाहेर पडते. 'श्वास' आवडला, 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आवडला, आशयघन मराठी चित्रपट आम्ही चुकवत नाही, वगैरे. हे खोटे नव्हे. २००४ साली 'श्वास' पाहताना शस्त्रक्रियेत दृष्टी जाणार असलेल्या नातवाला शहर दाखवत फिरणारा तो आजोबा पाहून मी ढसढसा रडलो होतो. पण त्याला वीस वर्षे होऊन गेली आणि मी अजून त्याच भांडवलावर रसिक म्हणून मिरवतो आहे. रात्री दहानंतर अंथरुणात, कानात यंत्र घालून मी जे पाहतो, ते कच्च्या वहीत आहे. पाहण्यासाठी म्हणून बाजूला काढून ठेवलेल्या उत्तम चित्रपटांची यादी मोबाइलमध्ये आहेच. तो सगळा जांगड माल. विकत घेतला नाही, परत केला नाही, नुसता ठेवून घेतला.

'कोणी निवडला' या रकान्यातही एक गंमत निघाली. सौभाग्यवतींनी ९, मुलानातवंडांनी ११, मी १४, आणि उरलेले २३ कोणीच निवडले नव्हते. एक संपला की मोबाइलने दुसरा पुढे केला आणि मी तो पाहिला. अडत्याचे काम आपल्याला ठाऊक आहे. काल गिऱ्हाईक कोणत्या वाणावर हात ठेवून थांबले, हे तो लक्षात ठेवतो आणि आज तोच वाण वर मांडतो. त्यात त्याची लबाडी नाही, तो त्याचा धंदा आहे. पण हळदीच्या सौद्याला गेलेला माणूस अडत्याने मांडले म्हणून न पारखता पोते उचलत नाही. मी २३ वेळा उचलले.

घरात आपण किती बारकाईने पारखतो! बिस्किटाच्या पुड्यामागची बारीक अक्षरे सूनबाई चष्मा लावून वाचतात. कंदमूळ आहे का, जिलेटिन आहे का. (जुन्या काळी चित्रपटाच्या रिळावरचा थरसुद्धा जिलेटिनचाच असे, आणि ते जनावरांची हाडे व कातडी यांपासून करतात. आता रीळच गेले, तेवढे एक ओझे उतरले म्हणायचे.) सूर्यास्तानंतर आमच्या घरी चूल पेटत नाही. तोंड बंद होते. डोळे मात्र मध्यरात्रीपर्यंत चरत असतात. दशलक्षण पर्वाचे दहा दिवस वहीत पूर्ण कोरे आहेत, याचे मला प्रथम समाधान वाटले. मग पुढची ओळ पाहिली. क्षमावाणी होऊन, सर्वांना हात जोडून झाले, त्याच रात्रीची नोंद आहे. चित्रपट सूडाचाच.

मंदिरातल्या सकाळच्या स्वाध्यायात सध्या रत्नकरंडक श्रावकाचार चालू आहे. अनर्थदंडाचे पाच प्रकार आचार्य समंतभद्रांनी सांगितले आहेत : पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. प्रयोजनावाचून भरलेला भुर्दंड, असा अनर्थदंडाचा अर्थ व्यापाऱ्याला चटकन कळतो. द्वेषापोटी दुसऱ्याचा वध, बंधन, छेद चिंतणे म्हणजे अपध्यान, आणि चित्त गढूळ करणाऱ्या गोष्टी ऐकणे म्हणजे दुःश्रुती. चित्त गढूळ करणाऱ्यांच्या त्या यादीत राग, द्वेष, मद, काम यांच्या पंगतीला 'साहस'ही बसवले आहे. ते ऐकताना शेजारी बसलेले माझे मेहुणे गालात हसले, कारण साहसपटांचे आम्ही दोघेही जुने गिऱ्हाईक.

अर्धवट सोडलेल्या २३ चित्रपटांकडे मी बरेच दिवस पाहिलेच नव्हते. कंटाळवाणे असतील म्हणून सोडले, अशी माझी समजूत होती. त्यात 'मदर इंडिया' निघाला. १९५७ सालचा हा चित्रपट मी तरुणपणी तीनदा पाहिलेला. या वर्षी सुखीलाला वही उघडून बसला आणि मी बंद केला. कन्हैयालाल यांनी तो सावकार असा काही उभा केला आहे की, त्याच्या वहीत काय लिहिले आहे हे वाचता न येणाऱ्या कुळांच्या जागी प्रेक्षक स्वतःला पाहतो. मी मात्र वहीच्या बाजूला बसलेला होतो. पुढे बिरजू त्याला ठार करतो, हे ठाऊक होते. तेथे सारे चित्रपटगृह टाळ्या वाजवीत असे, आणि मी तरुणपणीही तेथे वाजवली नव्हती, हे मला आता आठवले. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर १९२५ सालीच 'सावकारी पाश' काढला होता आणि त्यात कुळाच्या पोराची भूमिका तरुण शांतारामांनी केली होती. म्हणजे आपल्या जातीच्या माणसाची वही पडद्यावर येऊन शंभर वर्षे झाली. ती पाहायला आपल्याला आवडत नाही. दुसऱ्या कोणाचे मरण मात्र आपण खुशाल पाहतो. नातीला मी सांगितले होते की तो वाईट माणूस होता. वाईट कोण, हे ठरवताना माझी नजर नेहमी आधी आपला माणूस कोण ते पाहून घेत असते.

वजनाचा एक मुद्दा राहिला. वहीत प्रत्येक चित्रपटाला एकच ओळ आहे, पण पोत्यांची संख्या आणि माल यात फरक असतो. 'शिप ऑफ थीसिअस' मी तीन बैठकांत पाहिला, पहिल्या बैठकीत तर झोप लागली. त्यातले साधू प्राण्यांवरील औषधप्रयोगांविरुद्ध न्यायालयात लढतात. स्वतःच्या यकृताला असाध्य विकार झाला, तरी तसली औषधे घ्यायची नाहीत म्हणून अन्नत्यागाला बसतात. त्यांचा पंथ चित्रपटात कल्पित आहे, पण नीरज कबी यांचे चालणे-बसणे पाहून कोणाही जैनाला आपलेच कोणीतरी पाहिल्यासारखे वाटेल. अखेर ते साधू प्रत्यारोपण स्वीकारतात. मी चिडलो. ज्याने व्रत मोडले त्याची गोष्ट सांगायची कशाला? मेहुणे म्हणाले, मोडले नाही, तो जगण्याला शरण गेला. आठ दिवस पेढीवर आमचा वाद चालला, आणि पुढे स्वाध्यायात सल्लेखनेचा विषय निघाला तेव्हा पुन्हा तोच चित्रपट निघाला. सूडाच्या २१ चित्रपटांपैकी सहांची नावे वाचून मला त्यांतले काहीही आठवले नाही. टाळ्या वाजवल्या होत्या की नाही, हेही आठवले नाही.

आता 'शोले'विषयी. १५ ऑगस्ट १९७५ रोजी तो लागला, तेव्हा मी महाविद्यालयात होतो. आम्ही पाहिलेल्या शेवटी ठाकूर गब्बरला मारणार तोच पोलीस येतात आणि गब्बर त्यांच्या स्वाधीन केला जातो. मूळ शेवट तसा नव्हता. त्यात ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी त्याला तुडवून मारतो. निवृत्त पोलीस अधिकाऱ्यानेच कायदा हातात घ्यावा, हे सेन्सॉरला पसंत पडले नाही आणि शेवट बदलून चित्रित करावा लागला. पुढे पुष्कळ वर्षांनी तो मूळ शेवट पाहायला मिळाला, तेव्हा "हा खरा शेवट" असे मी मोठ्याने म्हणालो होतो. सौभाग्यवती तेव्हा तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "अहो, तुम्हांला कोणाचा एवढा राग आला आहे?" मला कोणाचाच राग आलेला नव्हता. तेव्हा त्यांच्या प्रश्नाचे मला हसू आले होते.

शाळेत कोणीतरी गब्बरची नक्कल केल्यापासून नातीने 'शोले' दाखवा म्हणून हट्ट धरला आहे. ठाकुराच्या घरातला प्रसंग गाळून दाखवीन, अशा बोलीवर मी होकार दिला. दोन्ही शेवट आता उपलब्ध आहेत आणि तिला पोलिसांचा दाखवायचे ठरले आहे. एकटा असतो तर दुसरा लावला असता, हेही नोंदवून ठेवतो. तिने विचारले की ठाकुराने त्याला का सोडले, तर पोलिसांनी थांबवले म्हणून, याहून चांगले उत्तर अजून माझ्यापाशी तयार नाही. या पाडव्याला नवी वही घातली आहे. तिच्यात सहावा रकाना आखला आहे, 'टाळी'. तो भरण्याचे काम नातीने मागून घेतले आहे. शनिवारी पहिली ओळ पडेल.